चिमीच्या बुडाला वापसा

निवृत्तीकाका कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायचे. ताट, चप्पल, पुस्तक, लग्नाची पत्रिका, काहीही. लग्न होऊन मी नाशकात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे तळमजल्यावरचे शेजारी आमच्याकडे चहाला आले. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, हातात ट्रे. काकांनी कप उचलून बाजूला ठेवला, बशी उलटी केली, तिच्या बुडाचा शिक्का वाचला आणि ‘हं’ म्हणाले. मग उठून थेट बाल्कनीत गेले. तिथे सासूबाईंची तुळस होती. तिचं एक पान हलकेच उलटं केलं, खिशातून दोरी बांधलेलं भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं.

“वरून सगळं हिरवंच दिसतं, सूनबाई,” ते म्हणाले. “रोग खालून लागतो. उलटं करून बघत जा.”

मी घाबरून दोन पावलं मागे सरकले. म्हटलं, या माणसाचा काय भरवसा, उद्या मलाही उलटं टांगून बघायचा.

मागाहून कळलं की काका दिंडोरीकडचे, उभा जन्म द्राक्षबागेत गेलेला. काकूंचे गुडघे धरले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, बाग वाट्यानं देऊन दोघं मखमलाबाद रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. म्हणजे काकू आल्या. काका आले असं काही म्हणता यायचं नाही. सकाळी उजाडलं की लुना काढायची आणि दिसेल त्या बागेत शिरायचं. मालक ओळखीचा असो, नसो. पानं उलटी करायची आणि बांधावरून ओरडायचं, “डावण्या आलाय हो तुमच्या बागेत!” डावण्या म्हणजे द्राक्षाच्या पानाखाली येणारी बुरशी. काही मालक चहा पाजायचे, काही कुत्रं सोडायचे. काकांना दोन्ही सारखंच. एका लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी पुढ्यातलं केळीचं पान उलटं करून बघायला घेतलं, तेव्हा भात वाढणारा हातातलं पातेलं तोलत ताटकळत उभा होता. मी प्रत्यक्ष पाहिलंय.

माणूस एका जागी बसायचा नाही. डिसेंबरात आभाळ भरून आलं की झालंच. गच्चीवर जा, खाली ये, परत गच्चीवर जा. “ढगाळ हे, ढगाळ हे,” असं म्हणत जिन्यात येरझाऱ्या. बाग दुसऱ्यांची, ढग देवाचे, आणि जीव यांचा खालीवर.

त्यांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे वापसा. पाऊस पडून गेला की जमीन लगेच कामाची होत नाही, नुसता चिखल असतो. ती जरा सुकते, मातीत ओल आणि हवा दोन्ही सुखानं नांदायला लागतात, तेव्हा शेतकरी म्हणतो, वापसा आला. हे शेतापुरतं ठीक आहे हो. पण काकांना तो सगळीकडे लागायचा. भात गिच्च झाला, “याला वापसा नाय.” आमचे हे नाइट शिफ्ट करून तणतणत घरी आले, “आज साहेबांना वापसा नाय, बोलू नका.” सासूबाई मागे म्हणायच्या, या माणसाच्या डोक्यालाच कधी वापसा आला नाही.

अशा माणसाच्या तावडीत माझी तीन महिन्यांची पोर सापडली, त्याची ही गोष्ट.

चिमी झाली ती माझ्या माहेरी, सटाण्याला. तिथून तिला घेऊन मी नाशकात परत आले तेव्हा थंडी कडाक्याची पडली होती. पाठवणीला भाऊ आलेला, आणि त्याच्याबरोबर आईनं डबाभर वांग्याचं भरीत दिलेलं. आमच्याकडचं भरीत म्हणजे हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि वर शेंगदाण्याचं तेल. बाळंतपणात किती महिने तोंडाला चव नव्हती. मी आल्या आल्या ते भाकरीबरोबर ओरपलं. तेच नडलं.

पाचव्या दिवशी चिमीचं बूड लाल झालं. आधी गुलाबी, मग लाल, मग असं की हात लावला तरी पोर किंचाळायची. शू झाली की त्या ओलीनं आग व्हायची आणि ती पाय झाडत घर डोक्यावर घ्यायची. मी तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत राहायचे. मांडीवर घेतलं तरी रड, पाळण्यात टाकलं तरी रड. माझ्या कमरेचा काटा ढिला झाला.

सासूबाईंनी चिमीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“काय खाल्लंस?”

“मी कुठे काय खाल्लं?”

“भरीत खाल्लंस. डोळ्यांनी पाहिलंय मी. ती सगळी उष्णता दुधातून उतरली पोरीत.”

झालं! त्या दिवसापासून माझं पथ्य सुरू. सकाळी मऊ भात आणि तूप. दुपारी मऊ भात आणि बिनतिखटाचं मुगाचं वरण. संध्याकाळी बदल म्हणून दोडका. तोही उकडलेला. पोर ठणठणीत बरी होईपर्यंत तिखट नाही, आंबट नाही, तेल नाही, वांग्याचं तर नावही काढायचं नाही. आमच्या सासूबाई वाईट नव्हत्या बरं का. चिमीसाठी त्यांचाही जीव तुटत होता. पण अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक काय असते ते ज्या बाईनं सोसलंय, तीच बाई ते कशी विसरते, हे कोडं मला आजपर्यंत सुटलेलं नाही. मला सारखी भूक लागलेली असायची. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, खरंच सांगते. आणि चिमी जरा रडली की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, “काय खाल्लंस गं आता?” पुढे पुढे तर आमच्या ह्यांनीही पेपरातून डोकं वर काढून विचारायला सुरुवात केली, “काही खाल्लंस का?” असा संताप यायचा!

सटाण्याहून आईचा फोन आला. “पोरले काय व्हयनं? तू जेवस ना नीट?” फोन हॉलमध्ये, शेजारी सासूबाई. मी म्हटलं, “हो, जेवते की.” आणि ठेवून दिला.

उपाय चालू होतेच. चिमीला दिवसातून चारदा पावडर. थोडीथोडकी नाही, चांगली मूठभर. ती ओलीत भिजून तिच्या मांडीच्या घड्यांत लापशीसारखी बसायची. वरून लंगोट, त्यावर नणंदेनं मुंबईहून पाठवलेली प्लॅस्टिकची चड्डी, म्हणजे गादी खराब व्हायला नको. त्यावर दुपटं, त्यावर शाल. खिडक्या बंद, बाळाला वारा लागतो म्हणून. नळाला पाणी तासभर यायचं, त्यात लंगोट धुवायचे. सासूबाई ते सोड्यात उकळायच्या, जंतू मरावेत म्हणून शेवटी औषधाच्या पाण्यात बुचकळायच्या आणि तसेच पिळून वाळत टाकायच्या. घरभर दवाखान्याचा वास. कशातही कमतरता नाही. आणि पोरीचं बूड दिवसेंदिवस जास्तच लाल.

रड सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी काका दारात उभे. गळ्यात मफलर, चपला अर्ध्या पायांत.

“काय झालंय पोरीला? तीन दिवस ऐकतोय मी. बागेत लक्ष लागंना माझं.”

“उष्णता झालीय,” सासूबाई म्हणाल्या. “आईनं खाल्लं, लेकीला बाधलं.”

“उलटं करा,” काका म्हणाले.

“काय?”

“बाळाला. उलटं करा. बघू तरी.”

“अहो भावजी, मुलगी आहे ती!”

“तीन महिन्यांची हे वहिनी. मला काय स्थळ बघायचंय का?”

मी इतकी टेकीला आले होते की त्या घडीला दूधवाल्यानं सांगितलं असतं तरी पोर उलटी केली असती. शाल काढली, दुपटं काढलं, प्लॅस्टिकची चड्डी काढली, लंगोट सोडला. काकांनी भिंग लावलं, वाकून बघितलं आणि एकदम मागे झाले.

“अरारारा! वारा कुठनं खेळायचा हिच्यात? ओल आतल्या आत, ऊब आतल्या आत, वरनं झाकण. लय नासवलं. बुडाला वापसाच नाय पोरीच्या!”

“भावजी, हा काय द्राक्षाचा घड आहे?”

“तेच तर म्हणतोय. घडालासुद्धा इतकं गुंडाळत नाय कुणी!”

“मग काय करायचं म्हणता? बागेतल्यासारखा मोरचूद फवारायचा?”

काका खरंच दुखावले. “वहिनी, बाळाला मोरचूद मारत नाय, एवढी अक्कल हे मला. बाळाला काहीच मारायचं नाय. पावडर तर नायच नाय. नुस्तं कोमट पाणी घ्या, मऊ फडक्यानं टिपा, घासू नका, आणि उघडं ठेवा. हवा लागू द्या. चांगलं सुकलं का मग खोबरेल तेलाचा हात, म्हणजे शू अंगाला चिकटायची नाय. आणि ही चड्डी द्या फेकून.”

एवढं बोलून ते जातील असं वाटलं होतं. कसले जातात! बाल्कनीत गेले. दोरीवर चिमीचे लंगोट वाळत होते. काकांनी एक उलटा केला, चोळला, हुंगला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याला चक्क जीभ लावली.

सासूबाईंनी ‘शी!’ केलं ते तीन मजले ऐकू गेलं असेल.

“खारट हे,” काका म्हणाले. “बादली आणा. सोच्छ पाण्याची.”

मी बादली आणली. त्या धुतलेल्या, वाळलेल्या, पांढऱ्याशुभ्र लंगोटाला काकांनी पाण्यात बुडवून पिळलं. आणि काय सांगू, पाणी दुधासारखं झालं, वर फेस! आम्ही तिघं त्या बादलीकडे बघत उभे राहिलो. एवढा सोडा रोज पोरीच्या अंगाला लागत होता. शू झाली की तो विरघळायचा आणि तिची आग आग व्हायची. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनीच तर ते हौसेनं उकळले होते.

“तीन पाण्यातनं काढायचे,” काका म्हणाले. “पाणी कमी पडलं तर आमच्याकडनं न्या. हिचं पिंप भरलेलं असतं.”

त्या दिवसापासून काकांच्या येरझाऱ्या आमच्या जिन्यावर सुरू झाल्या. बागा राहिल्या बाजूला. सकाळी नऊला खालून हाक, “वापसा आला का?” साडेदहाला परत, “आला का?” दुपारी माझा डोळा लागतोय न लागतोय तोच बेल. हा माणूस वर येणार, विचारणार, भिंग लावणार, खाली जाणार आणि काही आठवलं म्हणून पुन्हा वर येणार. मला एकदा इतका राग आला की मी म्हटलं, “काका, आला की पेपरात छापून आणते.” ते म्हणाले, “बरं बरं,” आणि तासाभरानं पुन्हा हजर.

ऊन चढलं की आमची वरात गच्चीवर. तिथे चौपदरी धोतरावर चिमी उघडी-वाघडी पालथी पडलेली. सासूबाई म्हणाल्या, वारा लागेल. तर काका आपली काळी छत्री उघडून आडवी धरून वाऱ्याच्या बाजूला उभे. आजूबाजूच्या गच्च्यांवर पापड वाळवायला आलेल्या बायका हातातलं काम टाकून बघायच्या. आणि चिमीनं शू केली रे केली की काकांना कोण आनंद! “सोडलं पाणी, सोडलं! काढा, काढा, बदला लवकर! ओल राहू देऊ नका!” मी धावत फडकं बदलायचे. दिवसाला अठरा-वीस फडकी. पण चिमी त्या उन्हात हातपाय हलवत गप्प पडून असायची. कितीतरी दिवसांनी गप्प.

तीन-चार दिवसांत लाली ओसरली. आता मला जेवायला मिळेल म्हणून मी जिभल्या चाटत होते. पण मांडीच्या घड्यांत, अगदी आत, लाल पट्टा राहिला तो राहिलाच. उलट जास्तच चकाकायला लागला.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. “वरचं गेलं, ते सोड्याचं होतं, कबूल. पण आतलं राहिलंय ना, ती तुझी उष्णता. पूर्ण जाईपर्यंत पथ्य सोडायचं नाही.”

“वहिनी, पानावर डाग पडला म्हणून मुळाचं पाणी तोडतं का कुणी?” काका तावातावानं म्हणायचे. “जेवणाचा काय संबंध?” पण असं म्हणताना त्यांचा आवाज उगाच चढायचा. बाकी सगळं ते खात्रीनं सांगायचे. हे मात्र भांडल्यासारखं सांगायचे. सासूबाई शांतपणे विचारायच्या, “तुम्हाला कुणी सांगितलं? काय पुरावा?” आणि काका मफलर घट्ट करत खाली निघून जायचे.

मग माझ्याकडून व्हायचं ते झालं. एका दुपारी सासूबाई आडव्या झालेल्या बघून मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले आणि कोरड्या भाताबरोबर लाल चटणीची चिमूट खाल्ली. नुसती चिमूट हो! अंगात जीव आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात चिमी रडली, आणि तेवढ्यातच काका ‘वापसा’ विचारायला आले, आणि सासूबाई उठून आत आल्या. माझ्या बोटांना चटणी.

“लाज नाही वाटत? पोर तळमळतेय आणि तुला जिभेचे चोचले सुचतात?”

काकांच्या देखत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हात धुवायला वळले. मला वाटलं, आता काका मुळाचं आणि पानाचं सुरू करतील. पण ते दारातल्या दारात उभे होते. माझ्या बोटांकडे बघत होते. तसेच वळून जिना उतरून गेले. त्या दिवशी नंतर बेल वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते मोठ्या भिंगासकट. चिमीच्या घड्या हलकेच फाकवायला सांगून त्यांनी बराच वेळ बघितलं.

“सूनबाई, हे बघा. पट्ट्याच्या कडेला बारीक बारीक ठिपके हेत, वेगवेगळे. बुरशी बसलीय. तेलानं जायची नाय ही, आणि हवेनं एकट्यानं पण नाय. हे माझ्या हातातलं काम नाय. डॉक्टरकडं न्या. आजच न्या.”

इतके दिवस स्वतःला तज्ज्ञ समजणारा माणूस सरळ हात जोडून मोकळा झाला, याचं मला नवल वाटलं. आणि मी निघाले तेव्हा जिन्यात मागून आले.

“डॉक्टरला आईच्या खाण्याचं विचारा. इसरू नका. नीट विचारा.”

बालरोगतज्ज्ञ बाई होत्या, आमच्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, हो, बुरशीच आहे. पातळ थरात लावायचं मलम लिहून दिलं. उघडं ठेवताय ते बरोबर, पावडर बंद केलीत ते फार बरोबर. मी घसा साफ करून विचारलं, “आणि मी काय खायचं?” त्या हसल्या. “सगळं खा. पोटभर खा. तुमच्या खाण्याचा आणि हिच्या बुडाचा काही संबंध नाही.” मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. आमचे हे बाजूच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांना म्हटलं, “ऐकलंत ना?”

परत आलो. हे मलम आणायला कोपऱ्यावर गेले आणि मी चिमीला घेऊन बिल्डिंगमध्ये शिरले. काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. मला बघून ताडकन उठले.

“बुरशीच ना?”

“बुरशीच. तुमचं बरोबर निघालं काका.”

ते त्यांना ऐकूच गेलं नाही. “आणि खाण्याचं? आईच्या खाण्याचं काय म्हणाले?”

“काही संबंध नाही म्हणाल्या.”

“काहीच नाय? वांगं? मिरची?”

“काहीच नाही. सगळं खा म्हणाल्या.”

“नीट विचारलं ना तुम्ही?”

मग ते पायरीवर पुन्हा खाली बसले. आता त्यांना आनंद व्हायला हवा होता ना? माणूस पांढरा पडला होता.

“आमचा सुनील तीन महिन्यांचा होता,” ते म्हणाले. “असाच लाल झालेला. माझी आई सांगायची, हिनं तिखट खाल्लं, हिनं वांगं खाल्लं. मी बागेतनं आलो का दारातनंच विचारायचो, आज काय खाल्लंस? रोज. चार महिने हिला मऊ भात. वाळून काडी झाली होती. एक दिवस गोठ्याच्या मागं बसून भाकरी खात होती. वर ठेचा होता. मी गेलो आणि हातातली भाकरी काढून घेतली, सूनबाई. तोंडाशी नेलेली. गायीपुढं टाकली. सगळे बघत होते. ही रडली पण नाय. उठून आत गेली.” त्यांनी मफलरनं तोंड पुसलं. “बागेत तास तास घालवायचो मी. पोराचा लंगोट एकदा सोडून बघितला नाय.”

 त्यांचं दार उघडंच होतं. आत काकू पाटावर पाय लांब करून मेथी निवडत बसल्या होत्या. काका उठले आणि आत गेले. मी दारातच थांबले.

“ऐकलंस का,” काका म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, आईच्या खाण्याचा काही संबंध नसतो.”

काकूंनी मेथीची काडी मोडली. “ठाऊक होतं मला.”

“कधीपासनं?”

“तेव्हापासनंच. मऊ भात खाऊन पण लालच होता की तो.”

“मग बोलली का नाय?”

“कुणी विचारलं?” काकूंचा आवाज जरासुद्धा वर गेला नव्हता. “काय खाल्लंस, काय खाल्लंस, हे रोज विचारायचे तुम्ही. भूक लागली का, असं कधी विचारलं?”

काका उभेच. हा माणूस इतका वेळ एका जागी स्थिर उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या खांद्यावर चिमी झोपून गेली होती.

“आत्ता लागली का?” त्यांनी विचारलं.

काकूंनी वर बघितलं. मला वाटलं, हसतील. पण नाही, त्यांनी खरंच विचार केला. “लागली,” त्या म्हणाल्या. “सकाळचा नुसता चहा झालाय.”

“काय खाशील?”

“बाजरीची भाकरी. आणि ठेचा. तिखट.”

काका लगबगीनं स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. मग पिठाचा डबा छातीशी धरून बाहेर आले आणि माझ्याकडे असं काही बघायला लागले की मला राहवेना. मी आत गेले, झोपलेली चिमी त्यांच्या हातांत ठेवली आणि परात ओढली.

बाजरीचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजून, मीठ घालून तांब्याच्या बुडानं तिथेच रगडल्या. ठसका असा उठला की आम्ही दोघी खोकून बेजार. काका चिमीला घेऊन पळत खिडकीशी गेले. काकूंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही. मिरच्याच तशा होत्या, असं आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितलं. मग माझं ताट मी वाढून घेतलं, कुणालाही न विचारता.

डॉक्टरांचं काय झालं ते विचारायला सासूबाई खाली आल्या, तेव्हा माझी अर्धी भाकरी झाली होती. त्या उंबऱ्यातच थबकल्या. तव्यावरचा ठेचा पाहिला, माझं ताट पाहिलं, माझ्या हातातला घास पाहिला.

“अगं, हे काय खातेयस तू?”

माझा हात जागच्या जागी थांबला. सवयच झाली होती. काका खिडकीपासून पुढे आले, चिमीला खांद्याशी धरून, माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये. मोठ्यानं बोलले नाहीत. तिची झोप मोडायला नको म्हणून असेल.

“वहिनी,” ते म्हणाले, “जेवू द्या तिला.”

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग काकूंकडे. काकू खाली मान घालून जेवत होत्या, शांतपणे, दुसरी भाकरी.

मी हातातला घास तोंडात घातला.